हातावरचं अत्तर : चंदन, गुलाब आणि पाच

गेल्या वेळी आपण कर्जाच्या हप्त्यांविषयी बोललो. ते जरा रुक्ष झालं, असं काही जणींनी बैठकीत सांगितलं. म्हणून आज वासाविषयी बोलू या. चांगल्या वासाविषयी.

संक्रांतीला आमच्या गावातल्या सगळ्या गटांनी मिळून हळदीकुंकू करायचं ठरवलं होतं. वाण, तिळगूळ, फुलं असा खर्च मांडून झाला आणि यादीत शेवटी अत्तर आलं. शेजारच्या गावच्या उरुसात अत्तरवाला पेटी उघडून बसतो, त्याच्याकडून आम्ही एक बाटली आणली. करंगळीएवढी असेल. चिठ्ठीवर लिहिलं होतं, चंदन-गुलाब-पॅचुली. पहिली दोन नावं सगळ्यांना कळली, तिसरं कुणालाच कळलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी एक मुलगी काडीनं सगळ्यांच्या हाताच्या पाठीवर अत्तर लावत होती. दाराजवळ आमच्या काकू बसल्या होत्या. गटाचं खातं त्यांच्या सहीवर चालतं. त्या वाणाचा हिशेब बघायला आल्या होत्या, कुंकू घ्यायला नव्हे, कारण काका जाऊन सहा वर्षं झाली. मुलीनं काडी पुढे केली तसा काकूंनी हात पदराखाली घेतला. “मला नको गं, आता माझं काय,” एवढंच म्हणाल्या. मुलगी गोंधळली आणि पुढच्या बाईकडे वळली. आम्ही सगळ्या तिथेच होतो. कुणीही काही बोललो नाही. गटात समानतेवर बोलणाऱ्या आम्ही, आम्हीही नाही.

घरी आल्यावर ते डोक्यातून जाईना. हे अत्तर आलं कुठून, ते कुणी काढलं, आणि कुणी लावायचं नि कुणी नाही हे कुणी ठरवलं? तालुक्याच्या वाचनालयातून पुस्तकं आणली, जुन्या शिक्षकांना विचारलं. जे सापडलं ते आज सांगतो.

आधी चंदन, कारण ते आपल्या सगळ्यात ओळखीचं. सहाण आणि खोड कुणाच्या घरी नाही? पंढरपूरला पांडुरंगाला पाडव्यापासून मृगापर्यंत चंदनाची उटी लावतात, उन्हाचा ताप होऊ नये म्हणून. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला हाताला चंदन लावतात, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरतात, वर कैरीची डाळ नि पन्हं. आपल्याकडे वासाची विद्या जुनी आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिता’ लिहिली, त्यात ‘गंधयुक्ती’ नावाचा अख्खा अध्याय आहे, कोणती द्रव्यं किती भाग मिसळायची याचा. पुढे बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ केला. आपल्या मुलखाचा मोठा भाग तेव्हा त्याच्या राज्यात होता. राजाने अंगाला कोणती उटी कधी लावावी, धूप कसा घ्यावा, हे त्यात आहे. राजाने. वाचताना आम्हाला वाटलं, त्या उट्या उगाळणाऱ्या बायांचे हात किती दुखत असतील.

चंदनाचं झाड मोठं मजेशीर आहे. ते आपल्या मुळांनी शेजारच्या झाडांच्या मुळांतलं पाणी आणि क्षार ओढून घेतं, म्हणून एकटं लावलं तर धड वाढत नाही, सोबतीला दुसरं झाड लागतं. वास पानाफुलांत नसतो, खोडाच्या आतल्या गाभ्यात आणि मुळांत असतो. हा गाभा धरायलाच दहा-पंधरा वर्षं जातात आणि चांगला भरायला तीस-चाळीस. म्हणून चंदन तोडत नाहीत, मुळासकट खणून काढतात.

आणि हे झाड शेतकऱ्याचं कधी नव्हतंच. म्हैसूरच्या टिपू सुलतानाने १७९२ साली चंदन हे राजवृक्ष ठरवलं. म्हणजे ते तुमच्या बांधावर उगवलं तरी मालकी राजाची. टिपू गेला, वाडियार राजे आले, इंग्रज गेले, लोकशाही आली, तरी हा हक्क सरकारकडेच राहिला. झाड वाचवण्यासाठी केलेल्या कायद्याने उलटंच झालं. आपल्या रानात चंदनाचं रोप दिसलं की पुढची कटकट नको म्हणून लोक ते उपटून टाकायचे. कर्नाटकात २००१ साली कायदा बदलला तेव्हा कुठे जमिनीच्या मालकाला झाडाची मालकी मिळाली. तोडायला आणि न्यायला परवानगी आजही लागतेच. आपल्या रानात चंदन असेल तर आधी वनखात्यात विचारा, मगच कुऱ्हाड उचला.

म्हैसूरचंच आणखी एक. पूर्वी तिथलं चंदन लाकूडरूपात युरोपात जायचं आणि तेल तिकडे निघायचं. पहिलं महायुद्ध पेटलं नि लाकडाची बोट जाईना. ढीग पडून राहिले. तेव्हा महाराजा कृष्णराज वाडियार चौथे आणि दिवाण विश्वेश्वरय्या यांनी ठरवलं की तेल इथेच काढायचं. बंगळुरूच्या विज्ञान संस्थेतल्या रसायनशास्त्रज्ञांनी पद्धत बसवून दिली आणि १९१६ साली तेल निघू लागलं. त्या तेलाचाच पुढे साबण झाला, तोच म्हैसूर सँडल. कच्चा माल विकू नका, त्याची वस्तू करून विका, हे आपण पापड-लोणच्याच्या प्रशिक्षणात ऐकतो, ते हेच.

आता गुलाब. इथे आम्हाला या सगळ्या शोधातली सर्वांत आवडती गोष्ट सापडली.

तुम्ही ऐकलं असेल की गुलाबाचं अत्तर नूरजहाननं शोधलं. ती हौदात गुलाबपाणी भरून अंघोळ करायची, एकदा पाण्यावर तेलाचा तवंग दिसला, वगैरे. सिनेमात शोभेल अशी गोष्ट आहे. पण खुद्द बादशहा जहांगीरने आपल्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत, त्यात १६१४ च्या सुमारासच्या नोंदीत तो वेगळंच सांगतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे हे काम नूरजहानच्या आईचं. तिचं नाव अस्मत बेगम. ती गुलाबपाणी काढत होती. गरम गुलाबपाणी सुरयांतून पसरट भांड्यांत ओतलं की वर स्निग्ध साय धरते, हे तिच्या ध्यानात आलं. ती साय तिनं थोडी थोडी करून गोळा केली. वास असा की थेंबभर तळहाताला चोळला तर सगळी मैफल दरवळावी. बादशहाने तिला मोत्यांचा हार बक्षीस दिला आणि राजघराण्यातल्या वडीलधाऱ्या सलीमा सुलतान बेगमनं त्या अत्तराला नाव दिलं, ‘इत्र-ए-जहांगिरी’.

बघा म्हणजे. साय धरणं, ती न फेकता निगुतीनं गोळा करणं, हे आपण रोज दुधावर करतो. ही नजर स्वयंपाकघरातली आहे. तसं गुलाबपाणी इराणात शेकडो वर्षं आधीपासून निघत होतं, आणि पाण्यावर येणारं तेल जगात दुसऱ्या कुणाच्या नजरेला त्याआधी आलंच नसेल असं नाही. पण आपल्या देशात बादशहाने स्वतःच्या दप्तरात ज्या शोधाचं श्रेय लिहून दिलं, ते एका आईला. नाव मात्र जावयाचं लागलं. आणि पुढे लोकांनी ती गोष्ट देखण्या, प्रसिद्ध मुलीच्या नावावर चढवली. आई मागेच राहिली. आग्र्याला यमुनेकाठी नूरजहाननं आईवडिलांसाठी बांधलेली पांढऱ्या संगमरवराची कबर आहे. ती वडिलांच्या किताबानं, इतिमाद-उद-दौला नावानं ओळखली जाते. आत अस्मत बेगमही आहे. तिकडे सहलीला गेलात तर तिचंही नाव घ्या.

अत्तराचं मोठं गाव म्हणजे उत्तर प्रदेशातलं कनौज. सम्राट हर्षाची राजधानी होती ती. तिथल्या अत्तराला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, जसं आपल्या कोल्हापूरच्या गुळाला आहे. पद्धत आजही जुनीच आहे. तांब्याचा मोठा हंडा, त्याला म्हणतात देग. त्यात फुलं आणि पाणी घालायचं, झाकण ठेवून मातीनं आणि कापसानं फट बुजवायची, खाली लाकूड-गोवऱ्यांचा जाळ. झाकणातून बांबूची नळी निघते, ती लांब मानेच्या तांब्याच्या भांड्यात जाते. ते भांडं म्हणजे भपका, तो पाण्याच्या टाकीत बुडवलेला असतो. वाफ नळीतून भपक्यात येते आणि थंड होते. ज्यांनी कधी पुदिन्याचा अर्क काढताना पाहिला असेल त्यांना लगेच कळेल.

खरी खुबी भपक्यात आहे. तो रिकामा नसतो, त्यात आधीच चंदनाचं तेल घातलेलं असतं. गुलाबाची वाफ येऊन त्या तेलात मुरते. पाणी खाली राहतं, ते काढून परत देगमध्ये घालतात, दुसऱ्या दिवशी नवी फुलं, तेल मात्र तेच. असं पुष्कळ दिवस चालतं. जाळ जास्त झाला तर वास करपतो, म्हणून कारागीर भांड्याला हात लावून, आतला आवाज ऐकून जाळ कमी-जास्त करतो. तापमापक नाही की घड्याळ नाही. तयार अत्तर पूर्वी उंटाच्या कातड्याच्या कुपीत ठेवायचे, म्हणजे उरलेलं पाणी कातड्यातून झिरपून उडून जायचं.

फुलं सूर्य उगवायच्या आत तोडावी लागतात, ऊन चढलं की वास उडतो. म्हणजे अंधारात उठून काट्यांत हात घालायचा. निव्वळ गुलाबतेल काढायचं तर किलोभर तेलाला तीन ते पाच हजार किलो फुलं लागतात. उरुसातली आपली करंगळीएवढी बाटली दोनशे रुपयांना मिळाली, मग तिच्यात खरा गुलाब किती असेल? तो अत्तरवाला भला माणूस आहे, आम्ही विचारल्यावर हसला आणि म्हणाला, ताई, या भावात वास मिळतो, फूल नाही मिळत. चंदनतेल महाग झालं तसं स्वस्त अत्तरांत त्याच्या जागी पॅराफिन आणि तसलीच दुसरी तेलं आली, वास रसायनांचे आले. ते लावूच नये असं नाही. पण चिठ्ठीवर चंदन लिहिलंय म्हणजे आत चंदन आहे असं समजू नये. आणि कुठलंही अत्तर पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून दिवसभर बघावं. खाज आली तर नको. चेहऱ्याला तर नकोच.

राहिलं तिसरं नाव. पॅचुली.

हे कोडं पुस्तकानं नाही सोडवलं. कोकणातून आमच्या गावात लग्न होऊन आलेल्या एका वहिनींनी सोडवलं. त्यांनी बाटली हुंगली आणि म्हणाल्या, “ही तर पाच!” त्यांच्या परसात पाचेचं रोप आहे, माहेराहून आणलेलं. तुळस-सब्जाच्याच कुळातलं. कोकणात वेणीत अबोलीबरोबर मरवा, दवणा आणि पाचेची पानं गुंफतात. आम्ही पान तोडून चुरडलं, आणि खरंच, ओल्या मातीसारखा, जुन्या लाकडी पेटीसारखा तोच दाट वास. पुढे वाचलं तेव्हा कळलं की जगाच्या बाजारात तेल निघतं ती जात आणि आपली परसातली पाच या सख्ख्या नाहीत, चुलत बहिणी आहेत. तेलाची जात आज मुख्यतः इंडोनेशियात पिकते. पण वळण एकच. पॅचुली हे नावही दक्षिणेकडचंच, तमिळमध्ये हिरव्या पानाला जो शब्द आहे त्यावरून आलेलं, असं सांगतात.

या पानानं एकोणिसाव्या शतकात युरोपला चांगलंच नाचवलं. काश्मिरी शाली तेव्हा तिकडे जायच्या आणि श्रीमंत बायका वाट्टेल ती किंमत द्यायच्या. शालींना कसर लागू नये म्हणून व्यापारी घड्यांत या झाडाची वाळलेली पानं घालत. बोटीतून महिनोन्महिने प्रवास, त्यामुळे वास लोकरीत पक्का भिने. होता होता गिऱ्हाइकांनी खूण बांधली, ज्या शालीला हा वास ती अस्सल हिंदुस्थानी. फ्रान्समधले विणकर काश्मिरी शालीची हुबेहूब नक्कल करत, कोयरी, रंग, सगळं. पण वास कुठून आणणार? शेवटी त्यांना पानाचं गुपित कळलं. त्यांनीही पानं मागवली, शालींत घातली आणि घरच्या शाली हिंदुस्थानी म्हणून खपवल्या! लंडनचे एक अत्तरवाले, सेप्टिमस पीस, यांनी १८५०च्या दशकात आपल्या ग्रंथात हा प्रकार नोंदवून ठेवला आहे. नकली माल आणि नकली वास ही काही आजची गोष्ट नाही.

या पानाची आणखी एक गंमत. चंदन आणि पाच दोन्ही जड वास. गुलाब एकटा लावला तर तासा-दोन तासांत उडून जातो. खाली चंदन नि पाच असली की गुलाब धरून ठेवतात. म्हणून त्या बाटलीत तिघं एकत्र. लावल्या लावल्या गुलाब कळतो, स्वयंपाक उरकेपर्यंत चंदन, आणि रात्री पदराला उरते ती पाच. अत्तर लावून मनगटं एकमेकांवर जोरात घासू नयेत म्हणतात, नुसतं टेकवावं. रेशमी साडीवर थेंब पाडू नका, डाग जात नाही. अंगावरच लावा.

आता काकूंच्या हाताकडे येऊ. एवढा वेळ तिथेच यायचं होतं.

मराठ्यांच्या दरबारात पाहुण्याला निरोप देताना अत्तर-गुलाब आणि पानसुपारी द्यायची रीत होती. तो मान होता. दरबारातली ही रीत घरी हळदीकुंकवात आहेच की, अत्तरदाणी, गुलाबदाणी, विडा. म्हणजे अत्तर लावणं म्हणजे तू आमची मानाची पाहुणी असं सांगणं. मग ज्या बाईला ते नाकारायचं तिला काय सांगितलं जातं? जुन्या धर्मशास्त्रांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. वृद्धहारीत नावाच्या स्मृतीत विधवेने काय काय सोडावं त्याची यादी आहे, त्यात विडा आहे, फुलं आहेत, दागिने, रंगीत वस्त्रं आहेत, आणि सुगंधही आहे. वाचून आम्ही थोडा वेळ गप्प बसलो. सुगंधही! तो दिसत नाही, कुणाच्या ताटातलं काही घेत नाही, तरी त्याचीही मोजदाद करून ठेवली.

याला आपल्याकडे उत्तर दिलं गेलं नाही असं नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली आणि सरळ विचारलं की नवरा गेला की बाईचं सगळं काढून घेता, मग बायको गेली की पुरुषाचं काय काढता? १८९३ साली महर्षी कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला तेव्हा त्यांच्या मूळ गावानं त्यांना वाळीत टाकलं. आणि अगदी आपल्या जवळचं, मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं ठराव केला की नवरा गेल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं हे गावात होणार नाही. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास खात्यानं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनीही तसं करावं असं कळवलं. आमच्या ग्रामसभेत हा विषय आम्ही अजून नेलेला नाही. नेणार आहोत. ठराव झाला म्हणजे हात पदराबाहेर येतोच असं नाही, हे आम्हालाही कळतं.

काकूंना हे सगळं आम्ही एकदम नाही सांगितलं. मासिक बैठकीत आधी अस्मत बेगमची गोष्ट सांगितली. त्यांनी दुधाच्या सायीचं ऐकून मान डोलावली. मग शालींचं सांगितलं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. त्यांच्या ट्रंकेत लग्नातला शालू आहे, दरवर्षी कसर लागते, डांबराच्या गोळ्यांनी डोकं दुखतं. “ते पाचेचं पान चालेल का?” वहिनींनी दुसऱ्याच दिवशी एक फांदी तोडून नेऊन दिली. पाच फांदीनं सहज जगते. सावली आणि ओल लागते, म्हणून काकूंनी मोरीच्या कडेला लावली. पावसाळ्यात ती कमरेएवढी झाली. पानं सावलीत वाळवायची, वाळली की वास चढतो. दोन मुठी त्यांनी फडक्यात बांधून ट्रंकेत ठेवल्या.

श्रावणात आम्ही त्यांच्याकडे गटाची वही घ्यायला गेलो. त्यांनी ट्रंक उघडून शालू दाखवला, आणि घरभर तो वास. शालू घडी मोडून अंगावर धरला, परत ठेवला. मग कपाटातून वही काढली. वहीशेजारी ती संक्रांतीची बाटली होती, गटाची वस्तू म्हणून त्यांच्याच ताब्यात असते. आम्ही बाटलीकडे बघितलेलं त्यांना कळलं. म्हणाल्या, “कधी कधी लावते. पदराच्या आतल्या बाजूला.” चारचौघींत त्या अजून लावत नाहीत. आम्ही वही तपासली. त्यांनी शिल्लक वस्तूंच्या पानावर आपल्या अक्षरात लिहून ठेवलं होतं : सतरंज्या दोन, समई एक, अत्तराची बाटली एक, अर्धी.